फ्रान्समधले शांत गावरस्ते : सायकलवर बारा दिवस, कुठला भाग निवडावा?

चाकोरी
नमस्कार मंडळी,
सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि नवरा फ्रान्सला चाललोय. त्यातले बारा दिवस फक्त सायकलीसाठी राखून ठेवलेत. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. दर रविवारी पुणे-भोर नाहीतर पानशेत, वर्षातून एकदा वरंध. रोजचे साठ-सत्तर किमी आरामात होतात. सायकली रोडच्या, टायर २८ चे.

आल्प्सचे मोठे घाट नकोत, शर्यतीचे प्रसिद्ध रस्तेही नकोत. मला शांत रस्ता हवाय. गेल्या पावसाळ्यात हायवेवर एका ट्रकनं ह्याला इतक्या जवळून कट मारला की हँडलची पिशवी फाटली. लागलं काही नाही, पण तेव्हापासून तो रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघतो. पुन्हा एकदा त्याला मोकळ्या मनानं सायकल चालवताना बघायचंय.

तर प्रश्न दोन. कुठला भाग? आणि नदी-कालव्याकाठचे खास सायकलमार्ग घ्यावेत की साधे गावरस्ते?
ता. क. नवरा पूर्ण शाकाहारी आहे. अंडं चालतं.

बारक्या
सप्टेंबर म्हणजे गणपती चुकणार की तुमचे!

चाकोरी
@बारक्या, ह्या वर्षी दीर-जाऊबाई सांभाळणार आहेत. आजच उकडीच्या मोदकांचा साचा त्यांच्याकडे पोचवला.

घाटवाट
ताई, २०१९ ला मी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकलफेरी केली. १२०० किमी, नव्वद तासांची मुदत, चढांची बेरीज अकरा-बारा हजार मीटर. त्या वर्षी भारतातून शेकडो लोक होतो, त्यात पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे कितीतरी. राँबुयेहून निघून नॉर्मंडीच्या कडेनं ब्रिटनीत शिरायचं आणि त्याच बाजूनं परत.

ह्यातलं बहुतेक अंतर गावरस्त्यांचंच आहे. एकदा पॅरिसचा परिसर मागे पडला की दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, चर्चचं टोक, गाव, परत शेतं. रस्ता सपाट कधीच नसतो. खाली उतरला की लगेच वर. पण डांबर असं की खड्डा शोधूनही सापडत नाही.

लूदेआकच्या अलीकडे रात्री दोन वाजता एका घराच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. टेबलावर मेणकापड, कॉफीचे थर्मास, केकचे तुकडे. साठीतले गृहस्थ आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात, दोघं स्वेटर घालून बसलेले. थंडीनं माझी बोटं वाकत नव्हती तर त्या पोरीनं माझ्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. पैसे घेतले नाहीत. घरी पोचलास की तुझ्या गावाहून पोस्टकार्ड पाठव, एवढंच म्हणाले. पाठवलं, शनिवारवाड्याचं.

माझं मत गावरस्त्यांना.

शेवंता
मी दिजोंजवळ राहते, नऊ वर्षं झाली. घाटवाट यांचा अनुभव सुंदर आहे, पण चाकोरीताईंचा नवरा गाड्यांना धसकलाय हे विसरू नका. अशा माणसाला पहिल्या दिवशी रस्त्यावर नेण्यापेक्षा जिथं मोटारच येऊ शकत नाही अशा वाटेवर न्यावं.

इथं जुन्या रेल्वेमार्गांवर डांबर घालून सायकल-पायवाटा केल्या आहेत, त्यांना व्वा व्हेर्त म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. देशातली पहिली आमच्याच बरगंडीत, जिव्री ते क्लुनी, १९९७ सालची. चव्वेचाळीस किमी. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत, फलाटावर बसून डबा खाता येतो. चढ रेल्वेचा, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतकाच. क्लुनीच्या दक्षिणेला दीड किमीहून लांब बोगदा आहे. आत भर उन्हाळ्यातही गारवा असतो, जॅकेट हाताशी ठेवा. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद करतात, सप्टेंबरात उघडा असतो.

बारक्या
व्वा व्हेर्त. नावातच व्वा आहे!

नकाशावेडा
शेवंताताई, व्वा व्हेर्त चांगलीच आहे, पण बारा दिवस? रेल्वेमार्ग गावाच्या पाठीमागून जातो, तुम्हाला गाव दिसतं ते परसातून. कालवा त्याहून एकसुरी. बरगंडीचा कालवा २४२ किमीचा आहे, त्यावर १८९ जलपाश, म्हणजे बोटी वर-खाली न्यायला दरवाजे लावलेले टप्पे. पहिल्या दिवशी प्रत्येक दरवाजापाशी थांबून बोट वर चढताना बघतो, तिसऱ्या दिवशी मान वळत नाही.

ताई, तयार मार्ग शोधू नका, रस्ता वाचायला शिका. फ्रान्समध्ये ए म्हणजे द्रुतगती, तिथं सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय, तो टाळायचा. डी म्हणजे जिल्ह्याचा. ह्या डी रस्त्यांतच तुमचा खजिना आहे, आणि खड्डाही तिथंच. २००६ मध्ये सरकारनं बरेच राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले. त्यांचं एन गेलं, डी आलं, ट्रक तेच राहिले. काओरमधून जाणारा डी ८२० बघा, तो जुना एन २० आहे. म्हणून निव्वळ अक्षरावर विसंबू नका.

मिशलँचा कागदी नकाशा घ्या. त्यावर लाल रस्ता मोठा, पिवळा मधला, पांढरा सगळ्यात लहान. पांढऱ्यावर राहा, गरज पडली तर पिवळ्यावर. रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ असेल तर तिथला देखावा बघण्यासारखा. आणि रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात त्या चढाच्या. एक असेल तर पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन टोकं दिसली की दुसरी वाट बघा.

मोबाइलवर मार्ग आखला तरी रात्री हा नकाशा जमिनीवर पसरून दोघांनी बोटानं उद्याचा रस्ता फिरा. त्यात जेवढी मजा आहे तेवढी स्क्रीनवर नाही.

पंक्चरवाला
+१. आणि फोनवर मार्ग काढताना अ‍ॅपला 'रोड सायकल' सांगा. मला एकदा त्यानं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चार किमी नेलं. पाऊस पडून गेलेला, चिखल ब्रेकमध्ये भरून चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन निघालो तिथून.

अप्पा_सातारकर
धागा मनापासून वाचतोय. मी आता सायकल चालवत नाही, गुडघे नाही म्हणतात. पण चाळीस वर्षं चालवली.

शाकाहाराचा मुद्दा निघालाय म्हणून एक सांगतो. फ्रान्समध्ये सायकलवरून देश बघायची जी परंपरा आहे तिचा आद्यपुरुषच शाकाहारी होता. पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, १८५३ ते १९३०. सँतेतियेन शहरात राहायचा. तो एक मासिक चालवायचा आणि एकापेक्षा जास्त गिअर वापरा म्हणून लोकांना सांगत राहायचा. टूर द फ्रान्सनं गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी दिली ती १९३७ साली, म्हणजे तो गेल्यावर सात वर्षांनी! त्याचे सायकलस्वारासाठी सात नियम आहेत. भुकेआधी खा, तहानेआधी प्या, हा त्यातलाच. आणखी एक मला फार आवडतो : केवळ तोऱ्यासाठी कधी पेडल मारू नका.

ताईंच्या यजमानांना सांगा, दोनशे मैल चालवणारा माणूस तुमच्या पंगतीचा होता.

चाकोरी
अप्पा, हा प्रतिसाद मी ह्याला मोठ्यानं वाचून दाखवला. 'दोनशे मैल आपण नको, पंगत चालेल' म्हणाला.

तुलूजकर
उशिरा आलो, पण हा माझा विषय. विमानांच्या कामानिमित्त तुलूजला अकरा वर्षं झाली. इथं मराठी घरं बरीच आहेत, आमच्यातले पाच-सहा जण शनिवारी सकाळी सायकलवर असतात.

सगळे कनाल द्यु मिदी ह्या कालव्याबद्दल विचारतात. रिके नावाच्या माणसानं बांधलेला, १६८१ चा, तुलूज ते सेत २४० किमी, जागतिक वारसा. तुलूजहून पहिले पन्नासेक किमी गुळगुळीत डांबर आहे. पुढं माती, खडी आणि झाडांची मुळं. तुमच्या २८ च्या टायरला आणि मनगटांना ते झेपणार नाही. शिवाय काठाची चिनार झाडं बुरशीच्या रोगानं २००६ पासून तोडावी लागताहेत. जिथं सावलीचा बोगदा होता तिथं काही पट्टे आता उघडे पडलेत. जुने फोटो बघून जाणाऱ्याला वाईट वाटतं.

मी तुम्हाला लॉत जिल्ह्यात पाठवीन, सेले नदीच्या खोऱ्यात. फिजाकहून डी ४१ धरायचा आणि नदीसोबत खाली कोंदुशेपर्यंत जायचं, जिथं सेले लॉत नदीला मिळते. जेमतेम पन्नास किमी. एका बाजूला चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला मक्याची नाहीतर गवताची शेतं, मध्ये अक्रोडाची झाडं. एस्पान्याक, ब्राँग, मार्सियाक, काब्रेरे अशी एकेक गावं कड्याला टेकून बसलीत. मोठी वाहतूक शेजारच्या लॉतच्या खोऱ्यातून जाते, म्हणून हे खोरं निवांत राहिलंय. उतारही नदीचाच.

फिजाक हे शाँपोलियोंचं जन्मगाव. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा तोच. एका चौकात रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवर अंथरली आहे, तिच्यावरून चालता येतं. काब्रेरेच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. ठिपक्यांचे घोडे, पंचवीस हजार वर्षांहून जुने. रोज ठरावीकच माणसं आत सोडतात, तिकीट आधी काढा.

रानजाई
मोठे घाट नकोत म्हणालात म्हणून भीतभीत लिहितेय. आग्नेय फ्रान्समधल्या व्हाँतू डोंगराच्या पायथ्याशी नेस्कची दरी आहे. डी ९४२, व्हील-स्यूर-ओझोंहून सो गावाकडे. कड्यात कोरलेला रस्ता, छोटे छोटे बोगदे, एका हाताला खोल दरी, आणि चढ इतका सौम्य की गप्पा मारत चढता येतो. वर पोचलात की समोरचा कडा बघत तासभर बसा. तिथून व्हाँतूचं पांढरं टक्कल दिसत राहतं, चढायची सक्ती नाही! फक्त मिस्त्राल वारा सुटला तर त्या दिवशी निघू नका. तो सायकल आडवी सरकवतो.

तुलूजकर
@रानजाई, नेस्कला तोड नाही, मान्य. पण बारा दिवसांत दोन टोकं केली तर दोन दिवस रेल्वेत जातील.

चाकोरी
रानजाई, नेस्क मनात भरलाय, पण पुढच्या खेपेला. लॉतकडे कल झुकतोय. आता मूळ भीतीवर या. डी ४१ वर मोटारी असतीलच ना थोड्या? त्या कशा वागतात?

तुलूजकर
असतात. दहा-पंधरा मिनिटांत एखादी. कायद्यानं गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर सोडून पुढं जायचं, गावात एक मीटर. आणि बहुतेक लोक पाळतात. वळण असेल तर मागं थांबतात, हॉर्न वाजवत नाहीत. सुरुवातीला ह्याचीच भीती वाटते. मागं इंजिनाचा आवाज येतोय आणि गाडी पुढं का जात नाही, असं होतं. तिला रस्ता मोकळा दिसायची वाट बघायची असते, एवढंच. खूण करून कडेला घुसू नका. सरळ रेषेत चालवा, ती जाईल.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना गोंधळात टाकते. जिथं काही पाटी नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला पहिला मान. मार्सियाकच्या पुढे एका वाडीत उजव्या बोळातून एक बाई ट्रॅक्टर घेऊन आल्या, न थांबता. मी मुख्य रस्त्यावर, म्हणजे मान माझा असं धरून चाललेलो. ब्रेक लागले म्हणून वाचलो. त्या थांबल्या, उतरल्या, मला पाणी दिलं आणि हातानं दाखवून नियम समजावला. चूक माझीच होती. पिवळ्या चौकोनाला पांढरी कड अशी पाटी दिसली तर मान तुमचा. नाहीतर प्रत्येक बोळापाशी उजवीकडे बघा.

पंक्चरवाला
'ग्राव्हियों' ही पाटी लक्षात ठेवा. गावरस्त्यांवर डांबर शिंपडून वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबायचं काम गाड्यांवरच सोडतात. पहिले काही दिवस वळणावर खडी वाळूसारखी साचते. तिथं सायकल आडवी कलवायची नाही, पुढचा ब्रेक धरायचा नाही, उभं राहून हळू जायचं. मग थांबून टायरवरून हातमोजा फिरवायचा. रुतलेला खडा तेव्हाच निघाला तर पंक्चर टळतं.

अप्पा_सातारकर
आणि कुत्री? आमच्या वेळी निम्मा घाट कुत्र्यांच्या भीतीनं चढायचो.

शेवंता
अप्पा, इथं मोकाट कुत्री जवळपास नाहीतच. शेतघरातला कुत्रा फाटकापर्यंत धावतो, भुंकतो, तिथंच राहतो.

सप्टेंबरात मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी असते. शिकारीचा हंगाम सुरू होतो. रविवारी रानाच्या कडेला नारिंगी जाकिटातली माणसं आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसते. डांबरी रस्ता सोडून रानात शिरू नका आणि भडक रंगाचे शर्ट घाला. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जाकीट सायकलस्वाराला सक्तीचंच आहे.

चाकोरी
हे कुणीच सांगितलं नव्हतं! आम्ही दोघांनी ऑलिव्ह रंगाचे शर्ट घेतले होते. बदलते.

खमंग_ढोकळा
आता पोटाचं बघा. त्या भागात सगळीकडे बदक. सॅलडमध्ये बदक, बटाटे बदकाच्या चरबीत तळलेले. 'शाकाहारी' म्हटलं की मान डोलावतात आणि वरून लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, भुरभुरतात. त्यांच्या मते ते मांस नसतं, चव असते. म्हणून सरळ म्हणा : सां व्हियाँद, सां प्वासों, सां लार्दों, म्हणजे मांस, मासे, लार्दों काहीच नको. बटाटे कशात तळलेत तेही विचारा. ऑम्लेट कुठंही मिळतं. गरम बकरीच्या चीजचं सॅलड मिळतं, रोकामादूरच्या चपट्या गोल चकत्या टोस्टवर ठेवून. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं बहुतेक जुन्या प्रकारांत, ते चालतं का हे घरी ठरवून जा.

आणि वेळा! जेवण बारा ते दीड. दोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद. दुकान साडेबाराला बंद होतं ते तीनला उघडतं. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, पुष्कळदा सोमवारी. खेड्यात तर दुकानच नसतं. पिशवीत कायम ब्रेड, चीज, टोमॅटो आणि आपली शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

घाटवाट
पाण्याचं एक : गाव कितीही झोपलेलं असो, दफनभूमीपाशी नळ असतो. फुलांना पाणी घालायला ठेवलेला. 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असेल तर प्यायचं, 'पोताब्ल'च्या आधी 'नों' असेल तर फक्त डोकं भिजवायचं.

बारक्या
पॅरिस ते फिजाक सायकली न्यायच्या कशा?

तुलूजकर
पॅरिसच्या ऑस्टर्लिट्झ स्थानकातून काओरला थेट गाडी आहे. त्यात सायकलीसाठी जागा मोजक्या, तिकिटासोबतच राखाव्या लागतात. भागातल्या लहान गाड्यांत, टेरमध्ये, सहसा फुकट टांगता येतात. ताई, काओरला उतरून चौदाव्या शतकातला व्हालाँत्रे पूल बघा, पण तिथून सायकलवर निघायची घाई करू नका. शहराबाहेर पडताना डी ८२० आणि डी ६६२ वर गाड्या आहेत. नवऱ्याचा पहिला दिवस तिथं नको. तुलूजपर्यंत पुढं या, एक रात्र आमच्याकडे राहा, सकाळी टेरनं फिजाकला सोडतो. पिठलं-भाकरी मिळेल.

चाकोरी
काय बोलू. तुमच्या घरच्यांना विचारून विपू (निरोप) करा, आम्ही नक्की येतो. मोदकाचा दुसरा साचा आहे माझ्याकडे, तो घेऊन येते.

नकाशावेडा
तिथं असताना एखादा दिवस नदी सोडून वर कॉसच्या पठारावर चढा, मार्सियाकहून उत्तरेला. पांढरे रस्ते, रचलेल्या दगडांच्या कडा, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. चष्मा लावल्यासारख्या दिसतात. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, मग दिवसभर पठार. पाणी खालून भरून न्या, चुनखडीत वर पाणी टिकत नाही.

चाकोरी
(तीन महिन्यांनी धागा वर काढतेय.)
मंडळी, आज आमचा पाचवा दिवस, मुक्काम काब्रेरे. तुलूजकरांकडे भाकरी खाऊन फिजाकला आलो. पहिल्या दिवशी हा सतत आरशात. मागं एक पांढरी व्हॅन आली आणि तुलूजकरांनी लिहिलं होतं तशी वळण संपेपर्यंत मागंच राहिली. जाताना त्या माणसानं खिडकीतून हात केला. ह्यानं पण केला.

काल मार्सियाकला मोडक्या मठाच्या भिंतीशी सायकली टेकवून दोन तास बसलो. छत नाही, नुसत्या कमानी, त्यातून कबुतरं. दफनभूमीचा नळ सापडला, पोताब्ल निघाला. आज पठारावर चष्म्याच्या मेंढ्या बघितल्या. उतरताना ह्याच्या आरशाचा स्क्रू ढिला होऊन आरसा आभाळाकडे वळला होता. म्हटलं थांब, किल्ली काढते. म्हणाला, राहू दे, खाली गेल्यावर बघू. खाली येऊन तीन तास झालेत.

उद्या सँ-सिर्क-लापोपी. नदीच्या दक्षिण काठानं डी ४० नं जावं की पुलावरून मोठ्या रस्त्यानं?

तुलूजकर
डी ४०. चढ आहे, पण वरून सगळं खोरं दिसतं. सकाळी नऊच्या आत निघा, दुपारी पर्यटकांच्या गाड्या वाढतात. आणि शनिवारी फिजाकला परत या, बाजार असतो. नवे अक्रोड आले असतील तर आमच्यासाठी किलोभर घ्या.

बारक्या
फोटो टाका ताई! मेंढ्यांचे आधी.